वजन उतरवायचे, पण पोट मारून नव्हे!

“वजन कमी करायचे तर रोज किती खावे?” हा प्रश्न अलीकडे महिला मंडळाच्या बैठकीत हमखास निघतो. मनीषनगर, बेसा, बेलतरोडी हा सारा भाग पाहता पाहता वाढला. इमारती उभ्या झाल्या, व्यायामशाळा निघाल्या, सकाळी फिरायला जाणाऱ्यांची गर्दी झाली. त्यासोबत आहाराचा एक तक्ताही घरोघरी फिरू लागला. ‘रोज १००० कॅलरी, महिन्यात ६ किलो कमी!’ मोबाइलवरून तो एकीकडून दुसरीकडे जातो. फ्लॅटमधल्या बाईंच्या हाती तोच तक्ता आणि त्यांच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या भगिनीच्या हातीही तोच.

घोटाळा इथेच आहे. मी कचेरीत दिवसभर खुर्चीवर बसून फायली पाहणारी बाई. दुसरी भगिनी सकाळी सहाला घर सोडते, चार घरची धुणीभांडी आणि फरशी उरकते, जिने चढते-उतरते आणि दुपारी परत येऊन स्वतःच्या संसाराला लागते. आम्हा दोघींना एकच तक्ता कसा लागू पडेल? जिचा खर्च मोठा, तिची जमाही तशीच हवी. आज या सदरात हाच हिशेब मांडू. आकडेमोड आहे, पण किराण्याच्या यादीपेक्षा कठीण नाही.

कॅलरी म्हणजे काय?

एक लिटर पाणी एक अंश सेल्सियसने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी म्हणजे आहारातली एक कॅलरी. शास्त्रात तिला किलोकॅलरी म्हणतात. बिस्किटाच्या पुड्यावर छापलेली असते ती हीच. एक ग्रॅम पिष्ट पदार्थातून ४, एक ग्रॅम प्रथिनातून ४ आणि एक ग्रॅम तेला-तुपातून ९ कॅलरी मिळतात. आपण झोपलो तरी हृदय, फुप्फुसे, मेंदू यांचे काम सुरूच असते. तो झाला बांधील खर्च, घरभाड्यासारखा, द्यावाच लागतो. त्यावर चालणे, उचलणे, वाकणे हा कामाचा खर्च. जमा खर्चापेक्षा जास्त झाली की शिल्लक चरबीच्या रूपाने अंगावर चढते. खर्च जास्त झाला की ती शिल्लक मोडली जाते. वजन उतरणे म्हणजे ही शिल्लक हळूहळू मोडणे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली आपल्या देशासाठी आकडे दिले आहेत. ५५ किलो वजनाच्या प्रौढ स्त्रीला बैठे काम असेल तर दिवसाला १६६०, मध्यम कष्टाचे असेल तर २१३० आणि जड कष्टाचे असेल तर २७२० कॅलरी लागतात. वजन आहे तेवढे राखण्यासाठीचे हे आकडे आहेत. बैठ्या आणि जड कामात हजाराहून अधिक कॅलरींचा फरक आहे, हे नीट पहा. एकच तक्ता सर्वांना का चालत नाही, त्याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सकाळी अर्धा तास फिरून उरलेला दिवस खुर्चीवर काढणारी स्त्री कष्टकरी वर्गात मोडत नाही. फिरणे चांगलेच, ते सोडू नये. पण त्या भरवशावर एक समोसा जास्त खाल्ला तर फिरण्याची बरीच कमाई परत जाते. उलट, जिच्या कामाला कोणी ‘व्यायाम’ म्हणत नाही अशी धुणीभांडी करणारी, इमारतीच्या कामावर घमेली उचलणारी, पोलीस भरतीसाठी मैदानावर धावणारी आपली मुलगी या खऱ्या अर्थाने कष्टाच्या वर्गातल्या. आजचा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी.

आधी पहा, वजन खरेच जास्त आहे का?

किलोतले वजन घ्या. मीटरमधली उंची घेऊन तिला तिनेच गुणा आणि आलेल्या आकड्याने वजनाला भागा. उत्तर २३ च्या आत आले तर वजन उतरवण्याची गरज सहसा नसते. २३ ते २५ म्हणजे जास्त वजन आणि २५ च्या वर म्हणजे लठ्ठपणा, असा मापदंड भारतीयांसाठी धरतात. युरोप-अमेरिकेपेक्षा तो कडक आहे. कारण आपल्याकडे कमी वजनातही मधुमेह आणि रक्तदाब गाठतात. कंबरही मोजा. स्त्रियांची कंबर ८० सेंटीमीटरच्या, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या, आत असावी. १८.५ च्या खाली आकडा आला तर वजन वाढवायची गरज आहे. शेजारीण करते म्हणून अशा भगिनीने डाएट करू नये.

आता उदाहरण घेऊ

समजा, एका भगिनीचे वय ३८, उंची १५५ सेंटीमीटर आणि वजन ६८ किलो आहे. वरच्या रीतीने उत्तर २८.३ येते. म्हणजे वजन उतरवणे तिच्या हिताचे आहे.

तिचा बांधील खर्च काढण्यासाठी १९९० साली अमेरिकेत मांडलेले मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र जगभर वापरतात. वजनाला १० ने गुणायचे, सेंटीमीटरमधल्या उंचीला ६.२५ ने गुणायचे आणि दोन्हींची बेरीज करायची. त्यातून वयाची पाचपट आणि वर १६१ वजा करायचे. इथे ६८० अधिक ९६९, वजा १९०, वजा १६१. उत्तर सुमारे १३००. ही झाली नुसते पडून राहण्याची किंमत.

त्यावर कामाचा खर्च. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या २००१ च्या तज्ज्ञ बैठकीने ठरवलेल्या वर्गवारीनुसार बैठ्या कामाला बांधील खर्चाच्या साधारण १.४ पट आणि कष्टाच्या कामाला निदान १.७ पट धरता येते. म्हणजे हीच भगिनी कचेरीत बसत असेल तर तिचा रोजचा खर्च १८२० कॅलरी. चार घरची कामे करत असेल तर २२१०. शरीर तेच, पण फरक जवळपास ४०० कॅलरींचा!

वजन उतरवण्यासाठी रोजच्या खर्चातून ३०० ते ५०० कॅलरी कमी कराव्यात, त्यापेक्षा जास्त नाही. म्हणून कष्ट करणाऱ्या या भगिनीने १७०० ते १९०० कॅलरी घ्याव्यात आणि बसून काम करणारीने १३०० ते १५००. आपल्या भागातील बहुतेक कष्टकरी स्त्रियांचा आकडा उंची, वय आणि कामाप्रमाणे १५०० ते १९०० च्या दरम्यान येईल. हे सूत्र भारतीय शरीराला थोडा जास्त आकडा देऊ शकते. म्हणून महिनाभराने वजनकाट्याशी ताळा पहावा. काटा हलला नसेल तर १०० कॅलरी आणखी कमी कराव्यात. फार वेगाने उतरत असेल तर तेवढ्या वाढवाव्यात.

‘महिन्यात ६ किलो’चा ताळा

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. ६ किलोच्या झाल्या ४६,२००. तीस दिवसांत एवढे करायचे तर रोज १५४० ची तूट हवी. बैठ्या बाईचा रोजचा सगळा खर्चच १८२०. म्हणजे तिने रोज २८० कॅलरींवर जगायचे! तक्त्यात तर १००० लिहिलेल्या आहेत. त्या तुटीने महिन्याला फार तर सव्वातीन किलो चरबी जाईल. मग उरलेले पावणेतीन किलो कशाचे? पाण्याचे आणि मांसाचे. हिशेब जुळत नाही, भगिनींनो, आणि न जुळणाऱ्या हिशेबावर सही करायची नसते.

पाणी किती लवकर चढते-उतरते ते २०२४ साली साऱ्या देशाने पाहिले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटात तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत पोहोचली. रात्रभर खटपट करूनही ७ ऑगस्टच्या सकाळी तिचे वजन १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद झाली. एका रात्रीत शरीरातून निघते ते घामाचे पाणी. ते दोन घोटांत परत येते. चरबीला वेळच लागतो. रोज ५०० च्या तुटीने आठवड्याला साधारण ४५० ग्रॅम उतरतात आणि आठवड्याला अर्धा किलो हाच सुरक्षित वेग मानला जातो. पुढे शरीर हलके झाले की त्याचा खर्चही घटतो आणि वेग मंदावतो. तेव्हा धीर सोडू नये. ६८ किलोच्या भगिनीचे साडेतीन किलो जरी उतरले तरी साखर आणि रक्तदाबाला त्याचा फायदा होतो.

अर्ध्या पोटी राहिले तर काय होते?

१९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. ते स्वखुशीने आले होते. सहा महिने त्यांना गरजेच्या जवळपास निम्मे अन्न दिले गेले आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालवले गेले. त्यांचे वजन पावपट उतरले खरे; पण अंगात थंडी भरली, ताकद गेली, चिडचिड वाढली आणि दिवसरात्र डोक्यात अन्नाशिवाय दुसरा विचार राहिला नाही. प्रयोग संपल्यावर भुकेने ते इतके खाऊ लागले की अनेकांच्या अंगावर पूर्वीपेक्षा जास्त चरबी चढली.

आता आपल्या भगिनीकडे वळा. खर्च २२१० आणि तक्ता १००० चा, म्हणजे निम्म्याहूनही कमी. वरून तिला कोणी प्रयोगशाळेत सांभाळत नाही. तिला डोक्यावर घमेले घेऊन शिडी चढायची आहे. चक्कर आली तर काय होईल?

आपल्याकडे यात आणखी एक भर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २३ टक्के जास्त वजनाच्या, सुमारे २१ टक्के कमी वजनाच्या आणि ५४ टक्के रक्तक्षय असलेल्या आढळल्या. म्हणजे अंगाने भरलेली दिसणारी बाईसुद्धा रक्ताने रिकामी असू शकते. असे का होते? सगळ्यांची जेवणे झाल्यावर ती बसते तेव्हा भाजी संपलेली असते आणि वरण तळाला गेलेले असते. उरतो भात, पोळी, चटणी. पोट भरते, कॅलरी मिळतात, पण प्रथिने आणि लोह मिळत नाही. पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागते आणि स्त्रीला २९. घराघरांत वाटप मात्र उलटे होते. अशा स्त्रीने डाएटच्या नावाखाली आणखी ताट कमी केले तर चरबीआधी ताकदच जायची.

पाळी पुढे-मागे होऊ लागली, केस मुठीने गळू लागले, सतत थंडी वाजू लागली, उठताना अंधारी आली, झोप उडाली, तर समजावे की खाणे कमी पडते आहे. ते लगेच वाढवावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

दोन वेळच्या जेवणाचे काय?

दिवसातून दोनदाच जेवा, हा विचार नागपूरला नवा नाही. आपले दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार आपल्या भाषणांतून तो सांगत. २००४ साली अपघातात त्यांचे निधन झाले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो महाराष्ट्रभर नेला. खरी भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदा, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवा आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला, असा तो मंत्र. त्यात कॅलरी मोजत नाहीत. मधल्या वेळचे चहा-बिस्किट, चिवडा, फरसाण बंद झाल्याने अनेकांचे वजन उतरले. बसून काम करणाऱ्या निरोगी माणसाला हे जमू शकते. पण आपल्या भगिनीने ते करायचे असेल तर तिचे १७०० त्या दोन ताटांत बसले पाहिजेत. दोन पोळ्या आणि चमचाभर भाजी अशी दोन ताटे म्हणजे निव्वळ उपासमार. वेळा कितीही असोत, दिवसाची बेरीज पूर्ण झाली पाहिजे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असेल तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नयेत. साखर एकदम खाली जाते.

कात्री कुठे लावायची?

पहिली कात्री तेलाला. चार माणसांच्या घरात महिन्याला ४ किलो तेल लागत असेल तर माणशी रोज ३३ ग्रॅम, म्हणजे ३०० कॅलरी नुसत्या तेलाच्या. ३ किलोवर आणले तर माणशी रोज ७५ कॅलरी वाचतात आणि पैसेही वाचतात. सावजी रस्सा आणि तर्री-पोहे आपल्या नागपूरची शान. पण वरचा तवंग बाजूला सारायला कोणी मनाई केलेली नाही.

दुसरी कात्री साखरेला. ज्या घरी कामाला जावे तिथे चहा मिळतो. दिवसाला पाच कप आणि कपाला दोन चमचे म्हटले तर ५० ग्रॅम साखर, म्हणजे २०० कॅलरी. एकेका चमच्यावर आणली की १०० वाचल्या.

तिसरी कात्री उरल्यासुरल्याला. “अन्न टाकायचे कसे?” म्हणून मुलाची अर्धी पोळी, पातेल्यातला भात आई स्वतःच्या पोटात टाकते. अन्नाची नासाडी नको हे बरोबरच आहे, पण आईचे पोट म्हणजे उरलेले ठेवायचे भांडे नव्हे. मोजून शिजवावे. उरलेच तर सकाळी फोडणीची पोळी करून सर्वांनी मिळून खावी.

या तिन्हींतून निम्म्याहून अधिक तूट सहज निघते. बाकीची एखादी पोळी आणि मूठभर भात कमी करून निघेल. डाळ, उसळ, अंडे, मासळी, पालेभाजी, दही यांना मात्र कात्री लावू नका. चरबी जावी आणि मांस टिकावे यासाठी प्रथिने लागतात. किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास ती मिळावीत.

१७०० कॅलरींचा एक दिवस

सकाळी एक चमचा साखरेचा चहा, ६०. न्याहारीला दोन पोळ्या आणि वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ, ३५०. डब्यात ज्वारीच्या दोन भाकरी, अंबाडी, चिवळ किंवा पालकाची भाजी, वाटीभर घट्ट वरण, कांदा-टमाटर आणि वर लिंबू, ५६०. चार वाजता मूठभर फुटाणे, एक पेरू आणि चहा, २२०. रात्री एक भाकर, वाटीभर भात, दोन अंड्यांचा कमी तेलाचा रस्सा आणि भाजी, ५१०. बेरीज १७००. प्रथिने सुमारे ६० ग्रॅम.

यात विकतचे डबे नाहीत की परदेशी फळे नाहीत. अंडी नको असतील तर दाट वरण आणि दही, किंवा सोयाबीन वड्यांची भाजी घ्यावी. पालेभाजीवर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा घेऊ नये, तो लोह अडवतो. काम जड असेल त्या दिवशी एक भाकर जास्त खावी. त्यात अपराध नाही, ती मजुरी आहे.

मोजून खाण्याची शिकवण आपल्याला परकी नाही. संयुत्त निकायात कोसलचा राजा प्रसेनजित याची कथा आहे. तो द्रोणभर भात खाई आणि धापा टाकत भगवान बुद्धांकडे येई. प्रमाण जाणून जेवणाऱ्याची दुःखे कमी होतात, असे भगवंतांनी त्याला सांगितले. राजाने ते वचन एका तरुणाकडून रोज जेवताना ऐकण्याची व्यवस्था केली आणि हळूहळू एका नाळी मापाच्या भातावर येऊन तो हलका व सशक्त झाला. भगवंतांनी राजाला उपाशी ठेवले नाही; प्रमाण शिकवले. राजानेही ते एका दिवसात नव्हे, क्रमाक्रमाने साधले. आणि उग्र उपोषणाने काही साधत नाही, हे तर त्यांनी स्वतः अनुभवून सोडून दिले होते.

कोणी डाएट करू नये?

गरोदर स्त्रीने मुळीच नाही. तिला रोज ३५० कॅलरी जास्त लागतात. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने ६०० जास्त लागतात. वाढत्या वयाच्या मुलींनी स्वतःच्या मनाने काही सुरू करू नये. आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. अशा भगिनीने उपाशी राहणे, पाणी कमी पिणे धोक्याचे आहे. अंगात पाणी कमी पडले की वेदनांचा झटका येऊ शकतो. तिने डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय वजन उतरवू नये आणि लोहाच्या गोळ्याही विचारूनच घ्याव्यात. बाकीच्यांनी सुरुवात करण्यापूर्वी मेडिकल, मेयो, डागा किंवा मिहानच्या एम्समध्ये हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड तपासून घ्यावे.

घरातल्या पुरुषांनाही दोन शब्द. बायकोच्या वजनावर विनोद करणे सोपे असते. त्यापेक्षा रात्री सगळ्यांनी एकत्र बसून जेवावे आणि वरणाचा डाव तिच्या ताटातही तेवढाच पडतो की नाही ते पहावे. अर्धा अधिक आजार तिथेच थांबेल.

आणि भगिनींनो, दहा रुपयांची एक वही घ्या. पहिल्या पानावर आजची तारीख, वजन, कंबर आणि हिमोग्लोबिन लिहा. दर रविवारी सकाळी, काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर वजन करा. तीन महिन्यांनी तीन गोष्टी पहा: काटा थोडा खाली आला का, कंबर कमी झाली का आणि जिना चढताना दम कमी लागतो का? तिन्हींचे उत्तर ‘होय’ आले तर तुमचा हिशेब जुळला. काटा उतरला पण ताकदही उतरली, तर त्या खात्यात तोटा आहे. पोळी वाढवा, वरण वाढवा आणि नव्याने आकडा मांडा.